स्मृतिलेख मागवण्याआधी त्यांचे कपाट उघडा : अभियंत्यांच्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
अभियंत्यांच्या संस्थांचे पदाधिकारी, माजी विद्यार्थी मंडळे आणि स्मृतिअंकांचे संपादक

स.न.वि.वि.

आपल्या अंकांत दिवंगत अभियंत्यांवर येणारे लेख आम्ही नेहमी वाचतो. जन्म, पदवी, रुजू झाल्याचे वर्ष, बढत्या, निवृत्ती. मग ‘शिस्तप्रिय, मनमिळाऊ, कामात वाघ’. शेवटी ‘पश्चात पत्नी, मुलगा, मुलगी असा परिवार’. वरचे नाव आणि फोटो बदलला तर हाच मजकूर पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणालाही चालून जाईल. त्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे निर्णय घेण्यात घालवली. पाया किती खोल न्यायचा, कुठला पंप परत पाठवायचा, कुठल्या कागदावर सही करायची नाही. त्यातला एकही निर्णय लेखात सापडत नाही. घरात तो कोण होता, हेही सापडत नाही.

लिहिणाऱ्यांची आपुलकी कमी पडते असे नाही. त्यांच्या हाताशी काहीच नसते. लेख मागवला जातो तेव्हा समोर असते ती सेवापुस्तकातली माहिती, आणि ज्या कागदांत तो माणूस खरा दिसला असता ते त्याच सुमारास रद्दीत निघालेले असतात. म्हणून हे पत्र लेखनशैलीबद्दल थोडे आणि कागद, फाइली व घरच्यांशी बोलणे याबद्दल बरेच आहे.

घरच्यांना आपण पहिली विनंती करावी ती ही: काही टाकू नका आणि काही नीटही लावू नका. कुठल्या वहीत कुठली चिठ्ठी होती, कुठली फाइल कुठल्या फाइलीशेजारी होती, यावरून पुढे तारखा लागतात. आवरायलाच लागले तर आधी प्रत्येक कप्प्याचा आणि खणाचा फोटो काढावा, कप्प्याला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक खोक्यावर घालावा. मोबाइल रीसेट करू नये, सिमकार्ड घाईने बंद करू नये. ईमेल आणि क्लाउडचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते, तेव्हा ‘वर्षश्राद्धानंतर बघू’ म्हणण्यात धोका आहे. आपल्यामागे खाते कुणाच्या हाती जावे हे हयातीतच नेमून ठेवायची सोय गूगलने २०१३ पासून आणि अ‍ॅपलने २०२१ पासून दिलेली आहे. आपल्या हयात सभासदांना ती वापरायला लावणे हे कुठल्याही स्मृतिअंकापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी काम ठरेल.

कागदांचे तीन ढीग करावेत. डायऱ्या, पत्रे, भाषणांची टिपणे कुटुंबाची. नोकरीत केलेली ड्रॉइंग्ज आणि गणिते बहुधा मालकाची किंवा ग्राहकाची. घरात सापडली एवढ्यावरून ती छापता येत नाहीत. तिसरा ढीग सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा: चालू बांधकामाच्या किंवा यंत्राच्या सुरक्षेशी संबंध असलेले कागद. पाइल (पायाचा खांब) कुठे किती खोल गेली, जमिनीखालचा व्हॉल्व्ह नेमका कुठे आहे, बेअरिंग कधी बदलले, ग्राउटिंग (सिमेंटचे पातळ मिश्रण भरणे) कुठल्या भेगेत केले. ‘अ‍ॅज-बिल्ट’ ड्रॉइंगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बांधले तसे दाखवणाऱ्या नकाशात, हे यायला हवे, पण कित्येकदा ते फक्त साइट डायरीत राहते. असे कागद सापडले तर स्मृतिलेख थांबला तरी चालेल. प्रत मूळ मालकाकडे पोचवावी आणि लेखी पोच घ्यावी.

आता ड्रॉइंग्ज. सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होते, आणि ते प्रेमापोटी होते. जुनी ब्लूप्रिंट म्हणजे निळ्यावर पांढऱ्या रेघा. ती उजेडात फिकटते आणि अल्कलीने तिचा निळा रंग मोडतो. म्हणून ‘अभिलेखागारासाठी’ म्हणून विकला जाणारा अल्कलीयुक्त कागद तिच्या अंगाला लावायचा नाही, साधा न्यूट्रल कागद वापरायचा. पांढऱ्यावर निळ्या-काळ्या रेघांची अमोनिया प्रिंट वेगळी: ती पिवळी पडते, तिच्यातून वायू सुटतात आणि शेजारच्या कागदावर डाग पडतात. म्हणून ती बाकीच्यांपासून वेगळ्या फोल्डरमध्ये. ट्रेसिंग पेपर वर्षानुवर्षे गुंडाळलेला असेल तर जोर लावून उलगडू नये, घडीवर तडकतो. ट्रेसिंग क्लॉथला स्टार्चचा थर असतो. ओल्या फडक्याने पुसला की थर जातो आणि त्याबरोबर रेघही जाते. पॉलिस्टर फिल्म स्वतः टिकाऊ आहे, तिच्यावरची पेन्सिल मात्र नाही. बोट फिरवले तरी फिसकटते.

लॅमिनेशन नको. चिकटपट्टी नको. रबरबँड आणि गंजलेल्या पिना काढाव्यात, त्या ओढून न काढता उलट बाजूने पाय सरळ करून. जागा असेल तर ड्रॉइंग सपाट ठेवावे. नसेल तर किमान १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर बाहेरून गुंडाळावे. नळीच्या आत कोंबले की काढताना कडा फाटतात. फोटोंच्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येत असेल तर त्यांचा अ‍ॅसिटेट पाया विघटित होऊ लागला आहे. त्या लगेच वेगळ्या काढाव्यात आणि सगळ्यांत आधी स्कॅन कराव्यात. थर्मल कागदावरचे जुने फॅक्सही त्याच रांगेत पुढे, कारण त्यांची अक्षरे आपोआप उडतात.

स्कॅनिंगमध्ये एक चूक सर्रास होते: ‘काळे-पांढरेच तर आहे’ म्हणून ड्रॉइंग काळ्या-पांढऱ्या मोडमध्ये स्कॅन केले जाते. लाल पेन्सिलची दुरुस्ती, हिरव्या शाईतली तपासनिसाची खूण, खोडलेल्या आकड्याचा पुसट ठसा त्यात संपतो. अभियंता तर त्या लाल पेन्सिलीत असतो. रंगीतच स्कॅन करावे. मोठ्या ड्रॉइंगला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरते, बारीक अक्षरांना ४००, फोटोच्या प्रिंटला ६००, ३५ मिलिमीटर निगेटिव्हला २४०० किंवा अधिक. ए-१ आकाराचे एक पान ३०० डीपीआयला रंगीत, न दाबता साठवले तर सुमारे २१० एमबी होते. त्या हिशेबाने डिस्क घ्यावी. मूळ टिफ (न दाबलेली चित्र-फाइल) ठेवावी, वाचायला पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीची पीडीएफ) काढावी.

वह्यांचे तंत्र सोपे आहे, संयम लागतो. पानांना बाहेरून क्रमांक द्यावेत, मलपृष्ठ आणि कोरी पानेसुद्धा क्रमाने टिपावीत, मधल्या सुट्या चिठ्ठ्यांची जागा नोंदवावी. पुसट पेन्सिलीवर उजेड बाजूने, अगदी तिरका टाकला की दाबाचे ठसे वाचता येतात. लेव्हल बुक (जमिनीच्या उंचीच्या मोजणीची वही) उतरवून घेत असाल तर तपासणी वहीतच आहे: बॅकसाइटची (मागे पाहून घेतलेल्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (पुढे पाहून घेतलेल्यांची) बेरीज म्हणजे शेवटचा आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे त्या ठिकाणची उंची) वजा पहिला आरएल. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर बहुधा आपण १ चा ७ वाचला आहे. आणि आपले वाचन बरोबर असूनही जुळत नसेल तर समासात पाहावे. चांगल्या माणसाने ते तेव्हाच पकडून तिथे खूण केलेली असते.

१९९० नंतरच्या माणसाचे अर्धे काम डिस्कवर असते. साडेतीन इंची फ्लॉपी मिळाली तर आधी कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडे करावे, म्हणजे त्यावर चुकून लिहिले जात नाही. मग संपूर्ण इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढून घ्यावी आणि पुढचे काम इमेजवर करावे. जुना संगणक ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करू नये. सुरू होताना तो शेकडो फाइलींच्या तारखा बदलतो आणि काही फाइलींवर लिहितोसुद्धा. हार्डडिस्क काढून राइट-ब्लॉकरमधून (डिस्कवर काही लिहू न देणाऱ्या उपकरणातून) इमेज घ्यावी. टकटक असा आवाज आला तर त्याच क्षणी वीज बंद करावी. तसाच चालवत राहिले तर हेड पृष्ठभाग खरवडत जाते. एसएसडी आणि पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे विजेविना पडून राहिले तर त्यांतला विद्युतभार ओसरतो. त्यांना फ्लॉपीइतकीच घाई आहे.

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या ड्रॉइंगची, फाइल उघडत नसेल तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिली सहा अक्षरे पाहावीत. एसी १००९ असेल तर ती ऑटोकॅडच्या आर-११ किंवा आर-१२ ची, एसी १०१५ म्हणजे २०००, एसी १०१८ म्हणजे २००४, एसी १०२१ म्हणजे २००७ ची. ड्रॉइंग उघडले आणि अर्धेच दिसले तर बहुधा एक्सरेफ फाइली (त्याला जोडलेली दुसरी ड्रॉइंग्ज) सोबत नाहीत. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे आली तर एसएचएक्स (ऑटोकॅडचे) फॉन्ट नाहीत. सगळ्या रेघा एकाच जाडीच्या छापल्या तर सीटीबी फाइल (रेघांची जाडी ठरवणारी) हरवली. म्हणून फोल्डर फोडू नये, अख्खाच्या अख्खा उचलावा. गणिताच्या एक्सेल शीटचे नुसते पीडीएफ काढले तर उत्तर राहते आणि सूत्र जाते. स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची इनपुट फाइल बहुतेकदा साधा मजकूर असते. ती जपली तर निकाल केव्हाही पुन्हा काढता येतो, त्याचे भार-संयोग आणि गृहीतके वाचता येतात. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली तर ओळखता येईल असा तिचा ठसा) काढून ठेवावा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी.

इतके जमले की लिहायला बसावे, आणि बसल्यावर पहिला प्रश्न श्रेयाचा. ‘त्यांनी हा पूल बांधला’ हे वाक्य जवळजवळ नेहमीच खोटे असते आणि ते ज्यांच्याबद्दल लिहिले जाते त्यांनीच ते आधी खोडले असते. ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉन, डिझाइन्ड, चेक्ड, अप्रूव्हड अशा रांगा असतात. त्यांची आद्याक्षरे कुठल्या रांगेत आहेत ते पाहून क्रियापद ठरवावे. गणित केले, तपासले, साइट सांभाळली, चाचणी घेतली, कमिशनिंग केले (यंत्रणा सुरू करून दिली): यातले प्रत्येक काम पूर्ण मानाचे आहे, पण ते एकच नाही. रिव्हिजन शून्य आणि रिव्हिजन तीन शेजारी ठेवून क्लाउडमधला (बदलाभोवती काढलेल्या ढगाच्या आकाराच्या रेघेतला) बदल वाचला तर एखाद्या तपासनिसाची अख्खी कारकीर्द समजते. कधी त्याने जोडलेली एकच आडवी सळई असते.

आकड्यांतही ठरावीक घोळ आहेत. पुलाची एकूण लांबी आणि सर्वांत मोठा गाळा एक समजले जातात. धरणाची उंची पायाच्या तळापासून की नदीपात्रापासून, हे न सांगता दिली जाते. दोन्हींत बराच फरक पडू शकतो. मेगावॅट ही क्षमता आणि मेगावॅट-तास ही ऊर्जा, हा भेद पाळला जात नाही; ट्रान्सफॉर्मरची क्षमता तर एमव्हीएमध्ये (मेगाव्होल्ट-अँपिअर) सांगतात. काँक्रीटची ताकद जुन्या कागदांत किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असते. २५० म्हणजे सुमारे २४.५ मेगापास्कल, २५० नव्हे. मूळ एकक ठेवून शेजारी रूपांतर द्यावे. ‘देशातील पहिला’ हे शब्द पुरावा नसेल तर काढून टाकावेत. लेखाचे काही बिघडत नाही.

जागा कमी असेल तर एकच निर्णय पूर्ण सांगावा: अडचण काय होती, पर्याय कोणते होते, निवडला तो का, पुढे काय झाले. दर १५ सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घातला जातो. खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या त्यांच्या स्वयंचलित दरवाजांनी धरणाची भिंत न वाढवता साठा वाढवला आणि पूर आला की ते आपोआप उघडत, हे सभेत किती जणांना सांगता येईल? गगनचुंबी इमारतींचे रचनाकार फझलूर खान १९८२ मध्ये गेले. शिकागोचा सिअर्स टॉवर (आता विलिस टॉवर) हा नऊ नळ्यांचा जुडगा वाऱ्याला कसा तोंड देतो, हे त्यांचे डोके आज नीट समजते याचे एक कारण म्हणजे त्यांची मुलगी स्वतः स्ट्रक्चरल इंजिनिअर झाली आणि तिने वडिलांच्या कामावर लिहिले. प्रत्येक घरात अशी मुलगी नसते. तिथे संस्थेने उभे राहायचे.

न झालेल्या कामांनाही जागा द्यावी. अमेरिकी अभियंता रॉजर बोईजोली यांचे नाव आज घेतले जाते ते त्यांनी बांधलेल्या गोष्टीमुळे नव्हे. चॅलेंजर अवकाशयानाच्या बूस्टरमधल्या (उड्डाणाला जोर देणाऱ्या रॉकेटमधल्या) रबरी ओ-रिंगबद्दल त्यांनी ३१ जुलै १९८५ रोजी लेखी इशारा दिला आणि २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, थंडीत रबर पुरेसे लवचिक राहत नाही म्हणून, उड्डाणाला विरोध केला. दुसऱ्या दिवशी सात जण गेले. तो कागद राहिला म्हणून आपल्याला हे माहीत आहे. लहान प्रमाणावर असे कागद पुष्कळांच्या फाइलीत असतात: नाकारलेला माल, थांबवलेला स्लॅब, न दिलेले प्रमाणपत्र. समोरचा माणूस हयात असेल तर नाव गाळावे, तांत्रिक कारण गाळू नये.

आणि घर. आपल्या लेखांत एक वाक्य छापील असते: ‘वहिनींनी मोलाची साथ दिली.’ साथ म्हणजे नेमके काय? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग केसन-रोगाने (पाण्याखाली दाबाच्या हवेत काम करून होणाऱ्या आजाराने) १८७२ पासून अंथरुणाला खिळले. त्यांच्या पत्नी एमिली यांनी गणित, पदार्थांची ताकद, केबलचे तंत्र शिकून घेतले आणि १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत त्यांच्या सूचना साइटवर पोचवल्या, साइटवरचे प्रश्न परत आणले. ‘मोलाची साथ’ एवढेच लिहिले असते तर हे सगळे त्या दोन शब्दांखाली गेले असते. प्रत्येक घरात पूल नसतो. पण बदलीच्या वेळी सामान कुणी बांधले, शाळेचे दाखले कुणी काढले, सासूबाईंचे आजारपण कुणी काढले, याला उत्तर असतेच, आणि ते बहुधा त्या एकाच व्यक्तीपाशी असते.

मुलाखत पहिल्या काही आठवड्यांत घेऊ नये. आधी पत्नीशी एकटीशी बोलावे, मग मुलांशी वेगवेगळे, शेवटी सगळ्यांना एकत्र बसवावे. सुरुवातच एकत्र केली तर ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते. ‘बाबा कसे होते?’ असे विचारले की ‘खूप शिस्तीचे’ असेच येणार. वस्तू समोर ठेवून विचारावे. या हत्यारपेटीतला कुठला पाना सर्वांत झिजला आहे? घरातले काय स्वतः दुरुस्त करायचे, आणि काय उघडून तसेच ठेवले? कशावरून चिडायचे? गणित शिकवताना उत्तर आधी सांगायचे की आकृती काढायला लावायचे? उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये; दहा-पंधरा सेकंद गप्प राहिले की खरे ते येते. बैठक दीड तासापलीकडे नेऊ नये. पंखा बंद, माइक तोंडापासून एक वीतभर, सुरुवातीला तारीख आणि नावे बोलून घ्यावीत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो वेव्ह फाइल तासाला सुमारे ५२० एमबी होते. काय छापायचे आणि काय नाही, याची लेखी संमती. आणि नंतर विचार बदलला तर वगळायचा हक्क त्यांचा.

या आठवणी साइटच्या कागदांना जोडून पाहाव्यात, लेखाला जीव तिथेच येतो. मुलगा म्हणेल, ‘माझ्या दहाव्या वाढदिवसाला बाबा आलेच नाहीत.’ काँक्रीट ओतणे मध्येच थांबवता येत नाही. आधीचा थर घट्ट होऊ लागला की नव्या थराशी एकजीव होत नाही, कोल्ड जॉइंट पडतो आणि पाणी तिथूनच शिरते. पोअर कार्डावर (काँक्रीट ओतण्याच्या नोंदपत्रावर) काम सुरू-बंद झाल्याची तारीख आणि वेळ असते. ती त्या वाढदिवसाशी जुळली तर दोन्ही गोष्टी शेजारी छापाव्यात. नाही जुळली तर कार्डाचा आधार घेऊन मुलाला खोटे पाडू नये आणि वडिलांसाठी सबबही शोधू नये. कधीकधी माणूस नुसताच घरी आलेला नसतो. हे लिहिता येते, घरच्यांची तयारी असेल तर.

छापण्याआधी तांत्रिक परिच्छेद अशा सहकाऱ्याला दाखवावा ज्याचे त्यांच्याशी पटत नसे. मित्र चुका दाखवत नाहीत. घरचा परिच्छेद घरच्यांना. पूर्ण जन्मतारीख, पत्ता, सहीचा नमुना, कर्मचारी क्रमांक छापू नयेत. खाती बंद व्हायच्या आत भामट्यांना एवढे पुरते. मृत्यूचे कारण कुटुंबाने सांगितले तरच.

आपल्याकडून आम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. स्मृतिलेखाच्या नमुना-फॉर्ममधले ‘भूषवलेली पदे’ हे सदर अर्ध्यावर आणून त्या जागी ‘एक निर्णय आणि त्याचे कारण’, ‘त्यांनी अडवलेली किंवा दुरुस्त केलेली एक गोष्ट’ आणि ‘कामाच्या काळात घर कुणी कसे चालवले’ ही सदरे घालावीत. मृत्यूची बातमी कळल्यावर कुटुंबाकडे फॉर्मच्या आधी एक पानाची सूचना जावी: काय टाकू नये, फोनचे काय करावे, कुणाला बोलवावे. आणि प्रत्येक शाखेत स्कॅनर, राइट-ब्लॉकर, फ्लॉपी ड्राइव्ह आणि ते हाताळणारी दोन माणसे असावीत. हे सामान एका वार्षिक सत्कार समारंभाच्या खर्चात बसते, समारंभ एखाद्या वर्षी नाही झाला तरी चालेल.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि काय ठरले ते आपल्या अंकातच छापावे, ही विनंती.

आपले,
अभियांत्रिकी कागदपत्रे आणि स्मृतिलेख हाताळणारे काही जण